रोमचे दिवे आणि गडचांदूरचा वायरमन

मी, रिना लटारू उमरे, वय शेहेचाळीस, व्यवसाय ग्रंथपाल, राहणार गडचांदूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व खुशीत लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. उलट सगळे म्हणतात, एवढ्यात कशाला? तब्येत ठणठणीत आहे, म्हणूनच.

१. घर व बँकेतील ठेव धाकटी बहीण दिव्यानीला. याबद्दल मनात शंका नाही.

२. माझ्याकडे रोमन काळातले मातीचे नऊ तेलदिवे आहेत. तळहाताएवढे, वरून मिटलेले, तेलासाठी भोक, वातीसाठी चोच. सगळे परदेशी लिलावांतून, कागदपत्रांसह घेतले. तरी मुळात कोणाच्या अंगणातून उकरले असतील, हा प्रश्न सुटत नाही. कोंबड्याचे चित्र असलेला बहुधा नकली आहे. तो खरा म्हणून कोणी विकू नये.

३. दिवे एकत्र राहावेत, एवढीच इच्छा. दिव्यानीला विचारले. "ताई, मले नोको. पोरं फोडतीन." प्रामाणिक उत्तर.

४. शेजारचा विक्की वायरमन आहे. त्याच्याविरुद्ध माझी जुनी तक्रार आहे. एकदा लाइट गेली असता त्याने सशाचे चित्र असलेल्या दिव्यात जवसाचे तेल ओतून तो चक्क पेटवला. मी ओरडले, तर म्हणतो, "ताई, दिवा पेटवासाठी असते का कपाटात ठेवासाठी?" महिनाभर मी बोलले नाही. ज्योत मात्र विझेपर्यंत पाहत बसले होते, हेही इथे नोंदवते. तेव्हापासून दर बुद्धपौर्णिमेला आम्ही कोंबड्याचा दिवा पेटवतो. नकली असल्याने मन खात नाही.

५. विक्की दिव्यांना "मातीचे चमचे" म्हणतो. "एवढे लाइटचे पॉइंट काढून देल्ले, तरी तुमी दिवेच जमा करून राह्यल्या!" पण धूळ झटकायला ब्रश तोच मागतो. म्हणून नऊही दिवे, ब्रश व भिंग विक्कीला. त्याला नको असल्यास ते विकावेत. मग ते नऊ घरांत जातील.

६. त्यालाच मी साक्षीदार म्हणून बोलावून बसले. ज्याला मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे वकील सांगतात. तेव्हा आधी वाचून दाखवीन. सही केली, तर दिवे नकोत असे समजेन.

नंतरची नोंद: वाचून दाखवले. विक्की पेनचे टोपण काढून बसला होता. टोपण लावले, पेन माझ्याकडे सरकवले.

"समोरच्या अन्नपूर्णाबाईले बोलवा. मी सही नाई करत."

रिना उमरे (सही)

साक्षीदार:
१. विक्की (नाव खोडले. रि. उ.)
१. अन्नपूर्णा देवतळे, शेजारी (सही)
२. प्रणित खोब्रागडे, सहकारी (सही)

गडचांदूर, बुद्धपौर्णिमा, १२ मे २०२५. लाइट आहे, तरी कोंबडा पेटवला आहे.