अकरा वेळा ‘अधिक वाचा’

१२ जून, सकाळी
माजी विद्यार्थी मंडळाची वेबसाइट एकट्याने उभी केली. वय बाहत्तर, गाव कोरीट. अकरा सूचना, प्रत्येकीखाली ‘अधिक वाचा’. वर्गात कडव्यामागून ध्रुवपद यायचं, अगदी तसं. डोळे पाणावले.

१४ जून
धडगावहून जालमसिंगचा फोन. जुना विद्यार्थी, दृष्टी नाही. मोबाइल त्याला पान वाचून दाखवतो. म्हणाला, गुरुजी, लिंकांची यादी लावली की फोनमधली बाई अकरा वेळा अधिक वाचा, अधिक वाचाच करते. कशाचं अधिक? एकेक उघडायला जावं तर रेंज जाते. त्याला मुलगी गायत्रीसाठी आमच्या वसतिगृहाचा अर्ज हवाय. मुदत ३० जून. मी भरतो म्हणालो. नको म्हणाला, पोरीचा अर्ज बापाने भरावा. दोन दिवसांत प्रत्येक लिंकला वेगळं नाव देतो, असा शब्द दिला.

१७ जून
तीन दिवस झाले. घाईत नावं सुचत नाहीत. आमची ही, भिकुबाई, म्हणते, अकरा नावं ठेवाले इतला टाईम? शाळामा तर साठ पोऱ्हेस्ले तासभरमा नावं ठेवेत ना तुम्ही! दुर्लक्ष केलं. पाठ दुखते.

२२ जून
झालं! ‘सूचना’, ‘अर्ज’ असले रुक्ष शब्द टाळले. प्रत्येक लिंकला माझी स्वतःची एक ओळ. वसतिगृहाला ‘पाखरांनो, फांदी तुमची’. जालमसिंग खूश होणार.

२३ जून
नाही झाला. पोरीचं शिक्षण म्हणजे उजेड, म्हणून त्याने ‘दिवा दूर निघाला’ उघडलं. पितांबर सरांची शोकसभा निघाली. म्हणाला, गुरुजी, आधी एकच गोष्ट कळत नव्हती, आता अकरा कळत नाहीत. नुसतं ‘वसतिगृहाचा अर्ज’ लिहा ना. तीन वर्षं कविता शिकवली याला मी.

२८ जून
दहा नावं साधी केली. हात जड झाला. वसतिगृहाचं मात्र स्पष्ट आणि सुंदर, दोन्ही हवं. तोवर ती लिंकच काढून ठेवली. अर्धवट काम लोकांपुढे नको. जालमसिंगला कळवलं, थांब, शब्द शोधतोय. बरं म्हणाला. शाळेतही असाच बसायचा, सांगितलं तिथे.

३० जून
‘घरटं’ की ‘ओसरी’? दिवस गेला. गुणगुणताना फोन बंद ठेवतो. सुरू केला तर जालमसिंगचे सात कॉल येऊन गेल्याचा मेसेज. थकलो होतो. उद्या बोलू.

२ जुलै, दुपारी
लिंक परत लावली. हट्ट सोडला, नाव साधंच दिलं: ‘मुलींच्या वसतिगृहाचा प्रवेश अर्ज, मुदत संपली’.
जालमसिंगचा फोन आला. चिडला नाही. म्हणाला, गुरुजी, आता एकदम स्पष्ट ऐकू आलं.