अ‍ॅडिशनल मॅथ्स आणि पूर्वेचा धुरा

३ जुलै १९३९, पहाटे, गोंदिया
इंजिनिअर व्हायचे ठरले. मॅट्रिकला अ‍ॅडिशनल मॅथ्स आणि फिजिक्स-केमिस्ट्री, मग नागपूरला इंटर सायन्स, मग पूल. पहिला वैनगंगेवर. आजपासून रोज वीस गणिते.

४ जुलै
गणिते झाली नाहीत. जुन्या कंपासपेटीने मूड लागत नाही.

६ जुलै
गणिताचे केशोराव मास्तर म्हणाले, टेकचंद, अल्जिब्र्यात तुला एकतीस मार्क. तू त्याऐवजी शेतकी घे, घरचाच विषय आहे. थोर माणसांना सुरुवातीला कोणी ओळखत नाही. विषयांचा फॉर्म चोवीस तारखेपर्यंत द्यायचा. बाबूजींची सही हवी.

९ जुलै, रविवार, गोरेगाव
सायकलने घरी आलो. सही मागितली. बाबूजी म्हणाले, इंजनेर होऊन रायला तं पयले खालची बांधी पाय. पुढच्या रविवारी धानाची रोवणी, वीस बाया सांगून ठेवल्या, अन् पानी कमी पडून रायलं. पानी आनून दे, सही घेऊन जा.
सोपे आहे. यालाच हायड्रॉलिक्स म्हणतात.

१५ जुलै, शनिवार
सर्व्हे केला. औषधाची बाटली अर्धी भरून आडवी धरली की लेव्हल कळते. बांधीच्या खाचराभोवतीचे चारही मातीचे धुरे तपासले. पूर्वेचा सर्वांत उंच. म्हणजे जमीन पूर्वेला चढती. पलीकडे शेजारी उदारामची बांधी. मधला धुरा फोडला की त्याचे पाणी आपल्याकडे!
उदारामला रीतसर विचारले. तो बराच वेळ हसला. म्हणाला, येत असन तं घे ना बापा, मी काऊन नाही म्हनू? देवमाणूस.
रोवणीच्या बायांची म्होरकी धुरपताबाई म्हणाली, बाबू, धुरा खालतच्या बाजूलेच उंच बांधतेत, पानी अडवाले. तिला लेव्हल म्हणजे काय ते समजावले. तिने पदर तोंडाला लावला. शिकायची आवड दिसली.
संध्याकाळी धुरा फोडला. पाणी कोणत्या दिशेला जाते ते अंधारात नीट दिसले नाही. वेग मात्र उत्तम.

१६ जुलै, रविवार
आपली बांधी कोरडी. उदारामची तुडुंब. बाटली सदोष असावी.
वीस बाया धुऱ्यावर उभ्या राहून पोटभर हसल्या आणि उदारामकडे रोवणीला गेल्या. बाबूजी फावडे घेऊन धुरा बुजवायला लागले. रागावले असते तर बरे झाले असते.

२३ जुलै, रविवार
रोवणी अजून व्हायची आहे. सही मागायचे धाडस होत नव्हते. बाबूजींनीच कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली. म्हणाले, विषय तुहा तू लिव, मी अडवत नाही.

२४ जुलै, गोंदिया
अर्धा तास टाक हातात धरून बसलो. वैनगंगा डोळ्यांसमोरून जाईना. शेवटी शेतकी लिहिले. आधी पाया पक्का असावा. अ‍ॅडिशनल मॅथ्स काय, पुढे केव्हाही करता येते. निर्णय सर्वस्वी माझा.
फार वाईट वाटले.

१७ डिसेंबर, रविवार, गोरेगाव
मळणी झाली. उदारामने पायलीभर नवे तांदूळ पाठवले. सोबत निरोप, हे इंजनेरचे होत, पुढच्या सालीबी पाठवजा त्याले. बाबूजींनी पायली माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, घे, तुही इंजनेरीची पयली कमाई.
आईने त्याचाच भात केला. मी दोनदा घेतला.