ज्वारीतली हाळी

१९ डिसेंबर, येळवस (वेळ अमावास्या)
आंबील जास्त झाली. भज्जी, उंडे, वर परत आंबील. राणीसावरगावच्या शेतात कडब्याच्या कोपीपुढे आडवं पडायच्या बेतात होते, तेवढ्यात सरांचा फोन. पीएच.डी.ची मुदतवाढ ही शेवटची. जानेवारीअखेर माझी पद्धत खऱ्या आवाजावर चालवून दाखवायची, नाहीतर नोंदणी रद्द. "कंप्युटरमध्ये बनवलेल्या आवाजावर सगळ्यांचंच चालतं हो मॅडम." गोड बोलून गळा कापतात.
तोंड उतरलेलं आत्याबाईंनी बरोबर पाहिलं. सासूच्या नजरेतून काय सुटतंय! "तुजं काम तरी काय हाय, एकदा नीट सांग की."
सांगितलं. एखाद्या आवाजाची पट्टी सरकत जाते, चढते, उतरते. त्या सरकण्याला बीजगणितातली बहुपदी बसवायची. बसली, की केवढाही गोंगाट असो, आवाज त्यातून वेगळा काढता येतो.
"मंजी जत्रंत हरवल्यालं पोरगं हुडकायचं."
तसंच. आमच्या कमिटीला एवढं पटकन कळलं नव्हतं.

२१ डिसेंबर
सुचलं! गोफण. फिरवायला लागलं की वेग वाढत जातो, तशी पट्टीही चढत जाणार. सरळ, स्वच्छ वर्ग-बहुपदी. गोंगाटाला वारा आणि पाखरं आहेतच, फुकट. दिलीपला सांगितलं. पूर्ण्याला ड्यूटीवर निघाला होता, बूट घालता घालता म्हणाला, "सात पिढ्यांत गोफणीवर कुणी डॉक्टर झालं न्हाई आमच्यात."
नवऱ्यांनी कामावर वेळेत जावं.

२८ डिसेंबर
रविवार. परभणीहून पहिल्या बसने शेतावर. ज्वारी दाण्यावर आलीय, पाखरांचे थवेच्या थवे. रेकॉर्डर राखणीच्या माळ्याला बांधला. दिलीप गोफण फिरवणार, मी खाली हेडफोन लावून. अडचण एकच. आत्याबाई. राखणीला उभ्या राहिल्या की दर थोड्या वेळाने पाखरं उडवायला हाळी देतात. हाऽऽऽ करून सुरू होते आणि शेवटी अशी वर जाते की माझ्या कानात दडे बसतात. सगळं रेकॉर्डिंग खराब.
म्हटलं, आत्याबाई, आजच्या दिवस गप्प बसा.
"आन् पाखरांला काय सांगू? सूनबाई शिकायलीय, उद्या या?"
तरी बसल्या. तोंडाला पदर लावून धुऱ्यावर, शेताच्या बांधाला. पाखरांनी काठाची कणसं मोकळी केली. संध्याकाळी त्यांनी एक रिकामं कणीस माझ्या लॅपटॉपवर आणून ठेवलं.

३० डिसेंबर
सगळं ऐकलं. गोफणीला पट्टीच नाही! ती गुणगुणत नाही, नुसती फुसफुसते. वाऱ्यात वारा. सरकायला पट्टीच नाही तर बहुपदी कशाला बसवू, डोंबल? ज्वारी गेली ती गेली. स्वतःचाच इतका राग आला की वर्गात शिकवताना पोरांवर ओरडले. त्यांची काही चूक नव्हती.

४ जानेवारी
पुन्हा शेत. गोफणीला सुतळीचा फुंदा बांधून बघितलं, वाजेल म्हणून. नाही वाजली. शेजारी ट्रॅक्टर चालू, तोही वैरी. आत्याबाईंना पार लांब, विहिरीपल्याडच्या तुकड्यावर पाठवलं होतं. घरी जाताना बसमध्ये रडू आलं, खरं सांगायचं तर. उघड नाही, खिडकीकडे तोंड करून.

६ जानेवारी
गंमत. रेकॉर्डिंगच्या रिकाम्या म्हणून बाजूला ठेवलेल्या तुकड्यांवर प्रोग्राम चालवला. गोफण बंद, नुसता ट्रॅक्टर. म्हणजे "सिग्नल नाही" असंच उत्तर यायला हवं. आलं, "आहे". घातांक तीन. प्रोग्राममध्ये चूक असणार म्हणून दिवसभर शोधली. चूक नाही. परत चालवला, परत "आहे".
हेडफोनने कान लाल होईपर्यंत ऐकलं. ट्रॅक्टर, फक्त ट्रॅक्टर.

७ जाने.
आत्याबाई!!
फोन करून विचारलं, रविवारी विहिरीपल्याड गेल्यावर हाळी दिलीत का?
आधी "न्हाई". मग, "एकच. न्हाईतर दोन. थवाच आला की ग! तुला काय एवढ्या लांब ऐकू येतंय?"
मला नाही आलं. प्रोग्रामला आलं! ज्याला मी आठवडाभर गोंगाट म्हणून गप्प बसवत होते तोच माझा सिग्नल. टीचर्स रूममध्ये एकटीच हसत बसले. शिपायाने चहा आणून ठेवला आणि हळूच निघून गेला.

११ जानेवारी
आत्याबाईंना सगळं सांगितलं. हीच चूक झाली.
आज शेतावर नवी इरकल नेसून हजर. माळ्यावर चढल्या, खाकरल्या, रेकॉर्डरकडे तोंड केलं आणि अशी काही हाळी दिली, लग्नात उखाणा घ्यावा तशी. लाजत, हेलकावे देत. पाखरं जागची हलली नाहीत.
"कसं झालं?"
छान, म्हटलं. आज एकही तुकडा कामाचा नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ दिला, पाया पडले आणि अट घातली. रेकॉर्डर कधी चालू, कधी बंद, ते मी सांगणार नाही. तुम्ही तुमची राखण करा.
"बरं. पर झाल्यावर मला ऐकवायचं."
कबूल. थोडा वेळ त्या माळ्यावर अवघडून बसल्या. मग थवा उतरला आणि आत्याबाई रेकॉर्डर, सून, संक्रांत सगळं विसरल्या. काय आवाज! अंगावर काटा.

१८ जानेवारी
चाललं. चाललं. चाललं.
वर्ग-बहुपदी पुरत नाही, घन लागते. हाळी आधी सावकाश चढते, मधे रेंगाळते, मग शेवटाला सुटते. आत्याबाईंना विचारलं, शेवटी असं का? "झटका द्यावाच लागतो, न्हाईतर पाखरू बसूनच राहतंय."
मग वरून मुद्दाम गोंगाट मिसळत गेले. ट्रॅक्टर, वारा, आणखी ट्रॅक्टर. सगळे वापरतात ती जुनी पद्धत लवकरच गळाली. माझ्या कानांनीही हात टेकले. माझी पद्धत अजून "आहे" म्हणतेय. कबूल केल्याप्रमाणे आत्याबाईंना हेडफोन लावून ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी.
"ह्यात मी कुठंय?"
आहात, म्हटलं. खाली दबलात, पण आहात. त्यांना ते फार आवडलं. दिलीप आल्यावर त्यालाही सांगितलं, "मी दिसंना, पर मी हाय."

२४ जानेवारी
प्रबंधाचं प्रकरण पाठवलं. सरांचा मेसेज, "बघतो". एवढंच. दोन अक्षरं जास्त टाइप केली असती तर बोट झिजलं असतं.

२५ जानेवारी
आत्याबाईंचा घसा बसलाय. माझ्यासाठी ओरडून नव्हे, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हाळी ऐकवून. गरम पाणी, हळद. राखणीला माणूस नाही. माळ्यावर मी.
पहिल्यांदा तोंडातून आवाजच फुटेना. वीस पोरांसमोर ओरडते रोज, इथे ज्वारीसमोर लाज! मग थवा आला आणि ओरडले. मधेच आवाज चिरकला, हसू आलं, तरी पूर्ण केली. पाखरं उडाली! इतका आनंद नोकरी लागल्यावरही झाला नव्हता. आत्याबाईंनी धुऱ्यावरून हातानेच शाबासकी दिली.
सवयीने रेकॉर्डर चालूच होता.

नंतर, संध्याकाळी
हौसेने माझी हाळी प्रोग्रामला दिली. वारासुद्धा फारसा नव्हता. उत्तर, "सिग्नल नाही".
परत चालवला. नाही. आवाज चिरकला तिथे पट्टीचे दोन तुकडे झालेत, एक बहुपदी बसतच नाही. पद्धत आत्याबाईंवर चालते, माझ्यावर नाही. आणि प्रकरण गेलंय कालच. त्यात लिहिलंय, मीच लिहिलंय, "मानवी हाळीसाठी उपयुक्त".
सांगावं का? सरांनी विचारलं तर... आणि नाही विचारलं तर
दिलीप म्हणाला, "पाखरं उडाली ना? मग झोप." हा माणूस किती सोपा आहे.

२६ जानेवारी
झेंडावंदन करून थेट शेत. आत्याबाईंचा घसा अजून बसलेलाच, म्हणून माळ्यावर मीच. तेवढ्यात सरांचा फोन. आवाज चक्क खूश. वाचलं म्हणे, आवडलंय, परीक्षकांकडे पाठवू. मी हवेत. मग म्हणाले, "एकच, मॅडम. आणखी कुणाच्या आवाजावर बघितलंत का?"
हो म्हटलं. पुढचं तोंडात आलं होतं, तेवढ्यात विहिरीच्या बाजूने थवा उतरायला लागला, धुऱ्यावरून आत्याबाई दोन्ही हात हलवायला लागल्या. फोन कानाला तसाच ठेवून हाळी दिली. पूर्ण, शेवटच्या झटक्यासकट.
पलीकडून, "हे काय होतं?"
"हाच दुसरा आवाज, सर. माझा. प्रोग्रामला सापडत नाही."
तिकडून काहीतरी आवाज आला. हसले की चिडले, वाऱ्यात कळलं नाही. मग रेंजच गेली.
पाखरं मात्र उडाली.