उरलेल्या गोळ्यांची बरणी

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त परिचारिका, हे स्वखुशीने लिहिते. अंगात ताप आहे, पण अक्कल जागेवर आहे. उद्या सकाळी माझा डावा पाय गुडघ्याखाली कापणार आहेत. त्यातून उठले नाही तर पुढीलप्रमाणे व्हावे.

१. दोन खोल्या, पुढची, जिथे मी निवृत्तीनंतरही लोकांच्या जखमा बांधत आले ती ड्रेसिंगची खोली आणि बँकेतली ठेव लेकीला. कात्र्या, चिमटेही तिलाच. माझा मोठा कुकर नणंदेने "दोन दिवसांसाठी" नेला, त्याला नऊ वर्षे झाली. तो तिच्याकडेच राहावा, पण मी विसरलेले नाही, हे तिला वाचून दाखवावे.

२. बरणी कोणालाही नाही. जखम सुकली की लोक उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मला आणून देत. मीच तसे सांगत असे. मग त्यातल्या चार याला, दोन त्याला, फुकट. तीस वर्षे मला वाटत राहिले, केवढी माझी माया. इथल्या रुग्णालयाच्या लॅबच्या डॉक्टरीणबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "सिस्टर, जंतू अर्धवट मारलेत तर ते निगरगट्ट होतात." मी त्यांना चारचौघांत सुनावले, "तुम्ही काचेत बघा, मी माणसं बघते." परवा त्यांच्याकडूनच माझ्या पायातल्या पूचा निकाल आला. त्यातल्या जंतूंवर सात औषधे लावून पाहिली, एकही लागू पडेना. बाईंनी कागद वाचून दाखवला आणि माझ्या पायाखालची उशी सरळ केली. त्यापेक्षा चारचौघांत सुनावले असते तर बरे झाले असते. बरणी रुग्णालयाच्या औषध विभागात जमा करावी, मोरीत ओतू नये.

३. हे कलम लिहिताना चारदा उठून बसले. सोमवारी लेकीने माझा पाय बांधला आणि घाईत हात न धुता गल्लीतल्या शिंप्याचे कापलेले बोट बांधले. वर बरणीतल्या दोन गोळ्या. माझ्याच हाताखाली शिकली, दुसरे काय करणार. त्याचा हात आता मनगटापर्यंत सुजलाय म्हणे. तीन निरोप धाडले. उत्तर एकच: "एवढ्याशा बोटासाठी दवाखाना कसला? शाळेचे गणवेश पडलेत शिवायचे." म्हणून आज निरोप बदलला: सिस्टर मृत्युपत्र करताहेत, साक्षीला या. याला कोणी नाही म्हणत नाही.

४. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणतात. म्हणून डॉक्टरीणबाईंना एवढेच: तुमचे बरोबर होते.

स्थळ: सर्जिकल वॉर्ड, खिडकीजवळचा पलंग
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपारी चार

सही: (निवृत्त परिचारिका)

साक्षीदार १: लॅबच्या डॉक्टर. सही.

साक्षीदार २: शिंपी. उजव्या हातात पेन धरवेना, म्हणून डावा अंगठा. बाईंनी त्याला तिथेच बसवून पू तपासायला घेतला आणि भरती केले. त्यात माझेच जंतू आहेत का, याचा निकाल तीन दिवसांनी. तो कळेपर्यंत तरी मला जगायचे आहे.