सवण्यातून आलेली टोपली

सोलापूर, श्रावण, १९३०

प्रिय लेका शिवलिंगा,

तुझं पत्र पोचलं. मार्शल लॉ उठला, आता तरी खुशाली कळव, असं लिहिलंस. मी बरी आहे. पेठेत राहणाऱ्याला काय कमी, दार उघडलं की बाजार, असं तू नेहमी म्हणायचास. या वैशाखात मात्र तोच बाजार परमुलखाइतका लांब गेला. दुकानं सकाळी थोडा वेळ उघडायची आणि दिवस मावळला की रस्त्यावर पाऊल टाकायची बंदी. त्यात मला ताप भरला. अंथरुणातून उठवेपर्यंत दुकानं बंद झालेली असायची. डब्यात चिमूटभर पीठ उरलं नाही. भिंतीला भिंत लागून चनमल्लप्पांचं किराणा दुकान, पण हाक कोणत्या तोंडाने मारू? पन्हाळीच्या पाण्यावरून तुझं नि त्यांचं भांडण झाल्यापासून बोलचाल बंद. तू तर धाब्याच्या छतावर दोन घरांच्या मधे छातीएवढी भिंतच घातलीस.

एका तिन्हीसांजेला डोक्यावर पावलं वाजली. मला वाटलं, शिपाई. तेवढ्यात धुरासाठी छताला ठेवलेल्या सवण्यातून दोरीला बांधलेली टोपली खाली उतरली. ज्वारीचं पीठ, डाळ, गूळ, मीठ. वरून चनमल्लप्पा म्हणाले, "अक्का, दोन दिस तुमच्या सवण्यातनं धूर न्हाय दिसला की. बोलायचं नसलं तर बोलू नका, पर चूल पेटवा." मी बोलले नाही. पीठ मळताना मात्र रडू आवरेना.

मग टोपली येतच राहिली. रिकामी परत धाडू नये म्हणून मी तिच्यात अंगणातल्या कढीपत्त्याची डहाळी ठेवायची. आमचा अबोला असा छान चालला होता.

एकदा टोपली वर गेली आणि पाठोपाठ काहीतरी धपकन पडलं. परतताना चनमल्लप्पा तुझी भिंत ओलांडायला गेले आणि तोल जाऊन त्यांच्याच अंगणात कोसळले. मांडीचं हाड मोडलं. अजून खाटेवर आहेत. दुकान बंद, गल्लीला मीठमिरचीसाठी दुसरी पेठ गाठावी लागते. मी रोज त्यांच्याकडे भाकरी घेऊन जाते. कसे पडलात म्हणून कुणी विचारलं तर शिडीवरून, एवढंच सांगतात. भिंतीचं नाव त्यांच्या तोंडून अजून कुणी ऐकलेलं नाही.

दिवाळीला त्या भिंतीची डागडुजी करायला गवंडी पाठवतो, असं तू लिहिलंस, म्हणून आजच हे पत्र टाकते. गवंडी नको. तू ये. पहार घेऊन वर चढ आणि ती भिंत स्वतःच्या हाताने पाड. घाव त्यांच्या खाटेपर्यंत ऐकू जाऊ देत.

तुझीच,
अव्वा