सुट्टीतला बेकारभत्ता आणि मावशीचा चुकीचा सल्ला

कुओपिओ,
ऑगस्टअखेर

तीर्थरूप तैमीमावशीस,

हेल्काचा वाकून नमस्कार (पाठ भरून आल्यामुळे तशीही वाकलेलीच आहे, कारण पुढे येईल). तुझा गुडघा, तुझी होडी आणि तुझा स्वभाव, तिन्ही ठीक आहेत ना? तिसऱ्याबद्दल शेजारच्या विल्होकाकांना विचारून कळव, तुझ्या सांगण्यावर माझा विश्वास नाही. मी खुशाल आहे. पत्र लिहायचं कारण म्हणजे तुझे आभार. जून महिन्यात तू मला जो सल्ला दिलास तो साफ चुकीचा निघाला, आणि त्याबद्दल तुझे किती आभार मानू हे मला कळत नाहीये.

तुला आठवत असेल, दर उन्हाळ्यात मी ज्या संग्रहालयाच्या कॉफीघरात काम करायचे ते यंदा पाण्याचे नळ बदलायला म्हणून बंद झालं. इकडे सुट्टी लागल्यावर शिष्यवृत्ती थांबलेली, तिकडे घरमालक भाडं मागायचं थांबवत नाही. मी रडकुंडीला येऊन तुला फोन केला तर तू टपालखात्यातल्या तुझ्या जुन्या आवाजात (ज्या आवाजाला घाबरून लोक स्वतःचीच पार्सलं परत नेत) म्हणालीस, "अगं, मग बेकारभत्ता माग की! विल्होच्या नातवाला, इल्पोला, मिळतो ना दर सुट्टीत? तोही शिकतोच आहे. आणि हे बघ, त्या कॉम्प्युटरवर अर्जबिर्ज करत बसू नकोस. समोर जाऊन माणसाशी बोल." मी तुझी भाची. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून रोजगार कचेरीत हजर.

समोर रूस्कानेनबाई बसल्या होत्या. पांढरे आखूड केस, गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा, टेबलावर कोणीतरी अर्धा खाऊन ठेवलेला बन. मी माझी कहाणी सांगितली. त्यांनी विचारलं, शिकताय का? मी म्हटलं, हो, पण आत्ता नाही, आत्ता सुट्टी आहे. सप्टेंबरात परत जाणार? जाणार. मग तुम्ही विद्यार्थी आहात, त्या म्हणाल्या, बेकार नाही. मी म्हटलं, अहो पण सकाळपासून रात्रीपर्यंत मी काहीही करत नाहीये, याहून बेकार माणसाने आणखी काय करायचं?

"माझा नवरा दाताचा डॉक्टर आहे," रूस्कानेनबाई शांतपणे म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीतही तो डॉक्टरच असतो. तुम्हीही सुट्टीत विद्यार्थीच."

यावर गप्प बसायचं, तर मला तुझा आवाज आठवला. मी उभी राहिले आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाले, मग आमच्या गावच्या इल्पो हाल्मेला कसा मिळतो? तो तर इंजिनियर होतोय! मागच्या बाकावर कोणाला तरी जोराचा ठसका लागला. वळून बघते तर इल्पो. टोपी नाकापर्यंत ओढलेली, कान बीटासारखे लाल. (मावशी, पुढचं मनातल्या मनात वाच. विल्होकाका या वेळी तुझ्याच स्वयंपाकघरात कॉफी पीत असतात, आणि तुला ओठ हलवत वाचायची सवय आहे.)

इल्पोने मला दंडाला धरून बाहेर नेलं. त्याने शिक्षण दीड वर्षापूर्वीच, हिवाळ्यात सोडलंय. त्याला भत्ता मिळतो तो सुट्टी आहे म्हणून नाही, सुट्टी संपतच नाही म्हणून. आजोबांनी आपल्या पेन्शनमधून काही पाठवू नये म्हणून त्याने फोनवर ठोकून दिलं होतं की सुट्टीत सरकार देतं, काळजी नको. तेच विल्होकाकांनी तुला सांगितलं आणि तू मला. "तुलाही हवा असेल तर सोड शिक्षण," इल्पो म्हणाला, "पण सकाळी उठून काय करायचं ते मला विचारू नकोस. मी दीड वर्ष शोधतोय."

आता कबूल करते, त्या क्षणी मला त्याचं शेवटचं वाक्य ऐकूच आलं नाही, पहिलंच ऐकू आलं. मी तशीच आत गेले आणि विचारलं, मी शिक्षण सोडलं तर? रूस्कानेनबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, कारण नसताना सोडलंत तर लगेच काही मिळत नाही, आधी थांबवून ठेवतात. काय शिकताय? मी म्हटलं, माशांचे आजार. किती राहिलंय? एक वर्ष. "मग मूर्खपणा करू नका," त्या म्हणाल्या. (हे वाक्य सरकारी नियमांत नसावं.) मग बन बाजूला सारून त्यांनी कागद चाळले. शहरातल्या कब्रस्तानात उन्हाळ्यापुरती दोन माणसं हवी होती, आधीची दोघं एकाच हातगाडीवरून पडून जायबंदी झाली होती. "तुम्ही जा. आणि तो बाहेर टोपीत लपलाय, त्यालाही घेऊन जा."

तर मावशी, अख्खा उन्हाळा मी मेलेल्या माणसांच्या फुलांना पाणी घातलं. हे काम शांततेचं असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी तिथल्या सशांना पाहिलेलं नाही. आम्ही सकाळी बेगोनियाची रोपं लावायची आणि सशांनी दुपारी जेवायचं, अशी व्यवस्था होती. एकाच्या मागे मी झारी घेऊन धावले ती थेट एका अंत्यविधीत शिरले. पाद्रीबुवा थांबले, मंडळी वळली, ससा निघून गेला. मी झारी मागे लपवून तोंड पाडून उभी राहिले, आणि नंतर तीन जणांनी माझ्याही हातात हात घेऊन सांत्वन केलं.

त्याहून मोठा पराक्रम म्हणजे कै. कोक्कोनेन यांची कबर. तिथल्या शेंदरी फुलांना मी रोज न चुकता पाणी घालत होते आणि ती टवटवीत बघून खूश होत होते. एके दिवशी कोक्कोनेनआजी आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, प्लास्टिकची आहेत गं ती." मला वाटलं आता भूमी दुभंगून मला पोटात घेईल (तिथे तशी सोय खूप ठिकाणी होती). पण आजी कबरीच्या कठड्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "मी चाळीस वर्षं त्या माणसाला असंच पाणी घातलं. कितीही घाला, पान हलायचं नाही!"

त्या दिवसापासून त्या रोज यायला लागल्या, बरोबर मासे भरून भाजलेला, राय नावाच्या धान्याचा गोल पाव घेऊन. आधी मला खाऊ घालायच्या, मग इल्पोला हाक मारायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला विचारलं, तू कोण, काय करतोस? तो म्हणाला, काहीच नाही. "काहीच न करणाऱ्याची नखं एवढी मातीने भरत नाहीत," आजी म्हणाल्या, "बस, खा." तो बसला, खाल्लं, आणि दीड वर्षात कोणाला सांगितलं नव्हतं ते सगळं त्यांना सांगून टाकलं. मी झारी भरायचं निमित्त करून नळापाशी उभी राहिले आणि नळ बराच वेळ उघडा ठेवला.

इल्पोच्या हाताला काय गुण आहे मावशी! त्याने सशांसाठी कुंपणाकडेला वेगळी कोबीच लावली. ससे तिकडे, बेगोनिया इकडे. मुकादम त्याला आता 'माळीबुवा' म्हणतो. माझं भाडं भागलं, पुढच्या आठवड्यात माझे तास सुरू होतात. तू खरी माहिती दिली असतीस तर मी कचेरीत गेले नसते, रूस्कानेनबाई भेटल्या नसत्या, आजी भेटल्या नसत्या. म्हणून पुन्हा एकदा, तुझ्या अज्ञानाबद्दल मनापासून धन्यवाद.

तुझी लाडकी,
हेल्का

ता. क. इल्पोला माळीकामाच्या शाळेत प्रवेश मिळालाय. म्हणजे तो आता पुन्हा विद्यार्थी, त्याचा भत्ता बंद, आणि पुढच्या सुट्टीत तोही माझ्यासारखाच 'विद्यार्थी, बेकार नाही'. तो इतका आनंदात आहे की विचारू नकोस.

दुसरा ता. क. खरं काम हे आहे: रविवारी दुपारच्या बसने मी त्याला घेऊन येतेय. तो आजोबांना सगळं स्वतः सांगणार आहे. तू विल्होकाकांना कॉफीला बोलाव आणि त्यांच्या नि दाराच्या मध्ये बस. आधी एक शब्दही बोलू नकोस. तुला ते किती जड जाईल याची मला कल्पना आहे.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात खुद्द विल्होकाकांचा फोन! म्हणाले, "हेल्का, इल्पो तुझ्याबरोबर काम करतो म्हणे. जेवतो ना नीट?" मग म्हणाले, "त्याची आई शिकत होती तेव्हा सुट्टीत तिला भत्ता मिळेल का, हे मी स्वतः विचारून आलो होतो. नाही म्हणाले होते. त्यामुळे पोराने मला भत्त्याचं सांगितलं त्याच दिवशी मी काय ते समजलो. त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल, म्हणून मी थांबलोय. तैमीला मात्र यातलं काही बोलू नकोस, तिच्या पोटात राहायचं नाही." तेव्हा मावशी, तुला काहीही माहीत नाही. इल्पोला मी सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस, त्याचं त्याला बोलू दे. तू फक्त कॉफी जास्त टाक.