माझ्या उशिराची रेकॉर्ड

अण्णा, तुमच्या धाकट्याची रेकॉर्ड निघाली आहे. खरीखुरी काळी तबकडी, तुमच्या तरुणपणी हॉटेलांत वाजायची तसली. त्याचा बँड तुम्हाला आठवत असेलच. कॉलेजात असताना ती पोरं आपल्या पडवीत सराव करायची, तेव्हा तुम्ही आतून विचारलं होतंत, "पत्र्यावर नारळ पडतायत काय रे?" त्याच नारळवाल्यांनी मुंबईत एका मोठ्या सभागृहात अख्ख्या ऑर्केस्ट्राबरोबर कार्यक्रम केला. एकीकडे यांच्या गिटारी आणि केस, दुसरीकडे काळ्या कोटातली ऐंशीएक माणसं, व्हायोलिनं, ट्रम्पेटं, मोठाले नगारे. लोकांच्या ओरड्यासकट तो सगळा दोन तबकड्यांवर उतरवलाय. मला कुरिअरने पाठवली. वाजवायचं यंत्र आपल्या घरात नाही हे ठाऊक असून पाठवली. मी ती फ्रिजवर ठेवली आणि तिच्यावर आमसुलांची बरणी ठेवली. हो, मुद्दाम ठेवली.

तुम्ही म्हणाल, एवढा जळफळाट कशासाठी. घर मला मिळालं, मागची आंब्याची कलमं मला मिळाली, माझी नोकरीही इथलीच, मिरजोळ्याची. लोक म्हणतात, पोरीला बापाने सगळं दिलंन. पण पेटी तुम्ही त्याला दिलीत. ज्याने सा कधी धड लावला नाही, ज्याला वायरीशिवाय वाद्य म्हणजे काय ते कळत नव्हतं, तो घर सोडून निघाला तेव्हा त्याच्या बॅगेशेजारी तुम्ही स्वतः पेटी आणून ठेवलीत आणि म्हणालात, "ने. भाता जपून वापर." मी स्वयंपाकघरात नारळ खवत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत.

आणि ओरडायचात तेही त्यालाच. गणपतीत वाडीतल्या घरोघरी आरत्या चालायच्या. तुम्ही पेटीवर, तो मृदंगावर, मी झांजेवर. मी असेन आठ-नऊ वर्षांची. झांजा आजोबांच्या वेळच्या, पितळी, जड. तुम्ही दाखवल्या तशा मी त्या खांद्यापर्यंत उचलते, आणि खाली येईपर्यंत कडवं संपून जातं. ध्रुपदावर सगळ्यांनी एकदम पडायचं, तिथे माझी झांज एकटीच मागून वाजते. बायका पदर तोंडाला लावतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही भाता धरून ठेवता. कडवं संपतं, पुढे कुणीच जात नाही, तुम्ही हनुवटीने माझ्याकडे खूण करता आणि म्हणता, "थांबा रे, येऊ दे तिला." मी येते. मग सगळे पडतात. तेव्हापासून वाडीला ती सवयच लागली. मी सासरी होते त्या वर्षांतही आपल्याकडची आरती त्या जागी थांबायची, आणि मुंबईहून आलेले पाहुणे हमखास एकटेच पुढे गाऊन आपटायचे.

त्याची थाप चुकली की मात्र तुम्ही आरती संपल्यावर अंगणातच त्याची खरडपट्टी काढायचात. "हात आहेत की पाटावरवंटा? पुन्हा वाजव." पुन्हा, पुन्हा, प्रसाद वाटून होईपर्यंत. मला तसं एकदाही नाही. मला वाटायचं, याच्याकडून काहीतरी होणार म्हणून याला झापतात. माझ्याकडून काही होणार नाही म्हणून सांभाळून घेतात. बोलणी खाणाऱ्या भावाचा हेवा करणारी बहीण जगात मी एकटीच असेन.

यंदा गणपतीला तो आला तो सुटकेसएवढा प्लेअर घेऊनच. "ताई, रेकॉर्ड कुठाय?" बरणी उचलून काढली, तर कव्हरवर तळाचा गोल उठलेला. दुपारी जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने दुसरी तबकडी लावली. आधी नुसती खरखर, मग गर्दीचा आवाज, मग हा मेला माइकवर म्हणतो, "पुढच्या गाण्यातला थांबा माझ्या वडिलांचा आहे." गाणं सुरू झालं. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. गिटारी रेकतायत, त्यांच्याखालून व्हायोलिनं चढत चालली आहेत, आता फुटणार असं वाटतं, आणि सगळं बंद. सगळी माणसं गप्प. प्रेक्षकांत कुणीतरी खोकतं तेवढंच. मग झांजा, आणि त्यांच्यावर सगळे एकदम कोसळतात.

मी गॅसशी उभी होते. म्हटलं, "हा थांबा अण्णांचा नाही. माझा आहे." पेटी नेलीस, नाव काढलंस, चांगलं झालं, पण माझा उशीर तरी मला ठेवायचास. वरून त्याच्यावर टाळ्या घेतोस? मी हे सगळं बोलले, अण्णा, सणाचा दिवस असून. तो सुपारी कातरत होता. अडकित्ता खाली ठेवून म्हणाला, "ताई, मी चुकलो की अण्णा पुढे निघून जायचे. मी धावत गाठायचो. तुझ्यासाठी अख्खी वाडी थांबवायचे. माझ्यासाठी कोण थांबलं गो कधी?" "पेटी दिली ना तुला," मी म्हटलं. तर म्हणतो, "दिली. आणि म्हणाले, ताईची झांज कुठे यायची ते विसरू नकोस, तिथे थांब." मग हसून म्हणाला, "ऐंशी माणसांना थांबायला शिकवायचं म्हणजे काय ते विचार. त्यांचा तो काठीवाला, ऑर्केस्ट्रा चालवणारा, रोज विचारायचा, इथे आपण कुणाची वाट बघतोय?" तेवढ्यात बाहेरून कुणीतरी आरतीला हाक मारली आणि बोलणं तिथेच राहिलं.

जाताना तो प्लेअर इथेच ठेवून गेला. विसरला म्हणे. आता दुपारी घरात कुणी नसलं की मी ती बाजू लावते, कपाटातून झांजा काढते आणि टेबलापाशी उभी राहते. आधी चुकायचं, मग जमलं. परवा तर इतकी बरोबर पडले की त्यांची झांज आणि माझी वेगळी ऐकू येईना. आता तरी जळणं थांबेल असं वाटलं होतं. नाही थांबलं. त्याने मिळवलेल्या टाळ्यांचं मला आता फारसं वाटत नाही. पण तुम्ही माझ्याबद्दल बोललात ते त्याच्याशी, आणि ते इतकी वर्षं त्याच्याकडे होतं, हे काही गिळवत नाही.

हे त्याला लिहिता आलं असतं, त्याचा पत्ता तरी आहे. पण त्याला वाचू देणार नाही, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही. म्हणून शेवटचं तेवढं सांगून टाकते. काल ती जागा आली, सगळे गप्प झाले, मी झांजा खांद्यापर्यंत उचलल्या आणि तशाच धरून ठेवल्या. तबकडी माझ्याशिवाय पुढे गेली. मी हात वर धरून उभीच राहिले, कुणी "येऊ दे तिला" म्हणतंय का ते ऐकत.